प्रौढ वयातील बोबडेपणा : ‘स’ नव्याने शिकण्याची पद्धत

तीन वर्षांचे मूल ‘साखर’ऐवजी ‘थाखर’ म्हणते तेव्हा घरातले सगळे त्याच्याकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतात आणि लाडाने त्याला बोबडकांदा म्हणतात. बहुतेक मुलांचा ‘स’ साडेचार-पाच वर्षांच्या सुमारास आपोआप जागेवर येतो. काहींचा येत नाही, आणि मग शाळेत, मुलाखतीत, लग्नाच्या बोलणीत तोच ‘स’ त्यांच्याबरोबर जातो. माझ्या नावात ‘स’ दोनदा येतो आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत मी ते नाव शक्यतो दुसऱ्याला सांगायला लावत असे. त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञांच्या मदतीने मी ‘स’ नव्याने शिकलो. त्या काळात मराठीतून लिहिलेले, मराठी ध्वनींना धरून असलेले मार्गदर्शन मला हवे होते. ते इथे शक्य तितके सविस्तर मांडत आहे.

आधी शब्दांची फोड करणे आवश्यक आहे. बोलताना अडखळणे, एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणे याला तोतरेपणा म्हणतात. त्याची कारणे आणि उपचार वेगळे आहेत. ‘बोबडे’ हा शब्द आपण ‘र’ला ‘ल’ म्हणणे, ‘क’ला ‘त’ म्हणणे अशा अनेक गोष्टींसाठी वापरतो. या लेखात केवळ ‘स’ आणि त्याच्या घरातले ध्वनी, म्हणजे ‘श’, ‘च’, ‘ज’, ‘झ’, यांच्यातील दोषाचा विचार केला आहे.

हा दोष मोठेपणीही का राहतो

‘स’ हा अतिशय नाजूक ध्वनी आहे. जिभेच्या दोन्ही कडा वरच्या दाढांना टेकतात, मधोमध एक अरुंद पन्हळ तयार होते, त्या पन्हळीतून हवा पुढे येते आणि दातांच्या धारेवर आपटून सूं असा आवाज होतो. जीभ किंचित पुढे आली, पन्हळ किंचित रुंद झाली किंवा कडा सुटल्या, तरी ध्वनी बदलतो. लहानपणी एखाद्या मुलाच्या जिभेने यासाठी एखादी चुकीची वाट निवडली आणि ती काही वर्षे तशीच वापरली, तर ती चालण्याच्या लकबीसारखी अंगवळणी पडते. म्हणून प्रौढांच्या बाबतीत बहुधा जिभेत दोष नसतो. जिभेने शिकलेल्या हालचालीत दोष असतो, आणि शिकलेली हालचाल कोणत्याही वयात बदलता येते.

याला आणखी एक गोष्ट कारणीभूत असते. स्वतःचा चुकीचा ‘स’ स्वतःच्या कानाला बरोबरच वाटतो, कारण कान वर्षानुवर्षे त्याच आवाजाला सरावलेला असतो. मी माझा आवाज ध्वनिमुद्रित करून प्रथमच लक्षपूर्वक ऐकला तेव्हा तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटला होता. घरच्यांनी सवय झाल्यामुळे काही म्हणायचे सोडून दिलेले असते, आणि बाहेरचे लोक सभ्यपणामुळे बोलत नाहीत. चिडवणारे मात्र बोलतात, आणि त्यांच्यामुळे माणूस ‘स’ सुधारण्याऐवजी ‘स’ असलेले शब्द टाळायला शिकतो.

जिभेवर वेखंड उगाळून चोळणे, मध चाटवणे, तोंडात गोटी किंवा सुपारी धरून बोलायला लावणे असे उपाय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जातात. प्राचीन ग्रीसमधील वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करत असे, ही कथाही या संदर्भात सांगितली जाते. यांपैकी कशानेही जिभेची वाट बदलत नाही, आणि तोंडात वस्तू धरून बोलताना ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून तो प्रयोग कोणीही करू नये.

पहिली पायरी : आपला प्रकार ओळखणे

एक आरसा, शीतपेयाची एक नळी आणि मोबाइलमधील ध्वनिमुद्रक एवढे साहित्य पुरते. आरशासमोर बसून ‘स’ लांबवत म्हणावा. जिभेचे टोक वरच्या आणि खालच्या दातांच्या फटीतून बाहेर डोकावत असेल, तर तो पुढचा, सर्वांत जास्त आढळणारा प्रकार होय. जीभ दिसत नाही पण दातांच्या मागच्या बाजूला दाबून बसते आणि आवाज दबका, बोथट येतो, हा त्याचाच सौम्य प्रकार.

आता नळीचे एक टोक पुढच्या दातांच्या मधोमध टेकवून ‘स’ म्हणावा. हवा मधून येत असेल तर नळीतून तीक्ष्ण आवाज ऐकू येतो. मधोमध काहीच ऐकू न येता नळी ओठांच्या कोपऱ्याकडे सरकवल्यावर आवाज आला, तर हवा जिभेच्या बाजूंनी निसटत आहे. असा ‘स’ ओलसर, लाळ मिसळल्यासारखा ऐकू येतो. हा बाजूचा प्रकार लहान मुलांच्या वाढीतला नेहमीचा टप्पा नसतो आणि तो वयाबरोबर आपोआप जाईल अशी वाट पाहण्यात अर्थ नसतो. क्वचित हवा नाकातून जाते. नाक चिमटीत धरल्यावर ‘स’ बंद पडला तर तसे समजावे, आणि घरगुती सराव न करता थेट तज्ज्ञांकडे जावे.

याच वेळी एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून मिनिटभराचे ध्वनिमुद्रण करावे आणि तारीख घालून जपून ठेवावे. फोनवरच्या संभाषणाचे मुद्रण त्यासाठी वापरू नये. जुन्या टेलिफोन यंत्रणेत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे पोहोचतो आणि ‘स’चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे फोनवर चांगला ‘स’सुद्धा ‘फ’सारखा वाटू शकतो.

दुसरी पायरी : शरीराची तपासणी

सरावाला लागण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली, दात. दाढा मिटल्यावरही पुढच्या दातांमध्ये फट राहत असेल, पुढचा दात पडला असेल, किंवा नवी कवळी वा दात सरळ करण्याची तार बसवली असेल, तर ‘स’वर परिणाम होतो. कवळीमुळे आलेला बोबडेपणा बहुधा काही दिवसांच्या मोठ्याने वाचनाने कमी होतो; न झाल्यास कवळी पुन्हा बसवून घ्यावी लागते. लहानपणीची अंगठा चोखण्याची सवय आणि गिळताना जीभ दातांवर ढकलण्याची सवय यांचाही या फटीशी संबंध असतो. मात्र दात सरळ केल्याने बोलणे आपोआप सरळ होईल असे गृहीत धरू नये, कारण जीभ आपली जुनी वाट सोडत नाही.

दुसरी, नाक. सतत चोंदलेल्या नाकामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्याची जीभ खाली आणि पुढे पडून राहते. तिसरी, कान. उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येत असतील तर ‘स’ नीट ऐकूच येत नाही, मग तो नीट म्हणणार कसा? त्यामुळे श्रवणचाचणी एकदा अवश्य करून घ्यावी. जिभेखालचा पडदा आखूड असल्याची शंका अनेकांना येते. तो अडथळा आहे की नाही हे तज्ज्ञांनी जीभ हलवून पाहून ठरवावे, आपणहून शस्त्रक्रियेची मागणी करू नये.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. आजवर स्पष्ट बोलणाऱ्या माणसाचे बोलणे अचानक बोबडे झाले, जीभ जड झाली, त्यासोबत चेहऱ्याची एक बाजू ओघळली किंवा हातातला जोर गेला, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तिसरी पायरी : आधी कान तयार करणे

उच्चारदोषांच्या उपचाराची जी पारंपरिक पद्धत आजही वापरली जाते, तिची मांडणी विसाव्या शतकात अमेरिकेतील चार्ल्स व्हॅन रायपर यांनी केली. ते स्वतः तोतरे होते. त्या पद्धतीची सुरुवात जिभेपासून नव्हे, कानापासून होते. मी ही पायरी उतावीळपणे ओलांडू पाहिली आणि पहिले तीन आठवडे वाया घालवले, म्हणून ती आग्रहाने सांगतो.

आठवडाभर रोज दहा मिनिटे केवळ ऐकावे. बातमीपत्र किंवा एखादे व्याख्यान लावून वक्त्याचा प्रत्येक ‘स’ टिपावा. त्यानंतर घरातल्या कोणाला तरी जोड्या वाचायला सांगाव्यात : साप–थाप, सर–थर, सारा–थारा, रस–रथ. वाचणाऱ्याने कोणता शब्द उच्चारला हे त्याच्या ओठांकडे न पाहता ओळखावे. त्यापुढे साप–शाप, साल–शाल. शेवटी स्वतःच्या मुद्रणातले ‘स’ ऐकून कोणता बरा आणि कोणता वाईट अशा खुणा कराव्यात. सगळेच वाईट नसतात. एखाद्या विशिष्ट स्वरानंतर किंवा शब्दाच्या शेवटी चांगला ‘स’ आलेला सापडतो, आणि असा एक ‘स’ सापडला तर पुढचे काम निम्मे होते.

चौथी पायरी : ‘स’ सापडणे

इंटरनेटवर मिळणारे बहुतेक व्यायाम इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेले आहेत, आणि इथे मराठी माणसाची फसगत होते. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध व्यायाम म्हणजे ‘टी’ भराभर म्हणत त्याचे शेपूट लांबवून ‘एस’पर्यंत पोहोचणे. इंग्रजीतला ‘टी’ दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर उच्चारला जातो. तिथून जीभ थोडी सोडली की ‘एस’ होतो. आपला ‘त’ थेट दातांना लागतो आणि आपला ‘ट’ त्याहून बराच मागे वळतो. पुढच्या प्रकारच्या बोबडेपणात जीभ आधीच दातांकडे धावत असते. तिला ‘त’पासून सुरुवात करून दिली, तर ती आणखी पुढे येते. मराठी बोलणाऱ्याने मराठीतल्याच वाटा धराव्यात. त्या मला तीन ठाऊक आहेत.

पहिली वाट ‘ई’ची. ‘ई’ म्हणताना जिभेच्या कडा आपोआप वर जाऊन दाढांना टेकतात, म्हणजे ‘स’ची निम्मी तयारी होते. लांब ‘ई’ म्हणावी, ती चालू असतानाच दात हलकेच मिटावेत, आवाज थांबवावा आणि फक्त हवा सोडावी. दात मिटलेले असल्यामुळे जिभेला बाहेर यायला जागा नसते. दात करकचून आवळायचे नाहीत. मध्ये एक कागद राहील इतकेच जवळ आणायचे.

दुसरी वाट ‘श’ची. पुढच्या प्रकारात अनेकांचा ‘श’ शाबूत असतो. कोणाला गप्प करताना म्हणतो तसा लांब ‘श्श्श’ म्हणावा, ओठ हसल्यासारखे ताणावेत आणि जीभ अगदी तीळभर पुढे सरकवावी. आवाज जाड असतो तो बारीक होत जातो, आणि एका क्षणी ‘स’ होतो. तो क्षण पकडण्यासाठी कान तयार असावा लागतो.

तिसरी वाट ‘च’ची, तीही केवळ ‘चमचा’, ‘चाक’, ‘पाच’ यांतल्या ‘च’ची. व्याकरणात याला दंततालव्य ‘च’ म्हणतात, आणि ऐकायला तो ‘त्स’सारखाच असतो. हा ध्वनी बरोबर येत असेल तर ‘पाच’ म्हणताना शेवटचा ‘च’ लांबवावा. त्याची शेपटी म्हणजे ‘स’च असते.

हवा बाजूंनी निसटणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना ‘त’ उपयोगी पडतो, कारण ‘त’ सुटताना हवा सहसा मधूनच सुटते. ‘त त त त’ हळू आवाजात म्हणत शेवटचा ‘त’ अगदी सावकाश सोडावा आणि नळी मधोमध धरून हवा तिच्यातूनच जाते ना, हे पडताळावे. हा प्रकार एकट्याने सुधारणे कठीण असते. यासाठी प्रत्यक्ष मार्गदर्शन घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

जिभेचे टोक वर ठेवावे की खाली, या प्रश्नात अडकू नये. काही लोक टोक वरच्या दातांमागे उचलून ‘स’ म्हणतात, काही खालच्या दातांमागे टेकवून म्हणतात. दोन्ही ‘स’ कानाला सारखेच लागतात. आपल्याला जे साधते ते आपले.

पाचवी पायरी : अंकांची शिडी

सुटा ‘स’ दहापैकी नऊ वेळा बरोबर येऊ लागल्यावरच शब्दांकडे वळावे. सुरुवात ‘ईस, ईस, ईस’ने करावी, मग ‘सी, से’, त्यानंतर ‘सा’, आणि शेवटी ‘सो, सू’, कारण ओठ गोल झाले की ‘स’ बिघडण्याची शक्यता वाढते.

शब्दांसाठी मराठीने आपल्याला एक तयार पाठ देऊन ठेवला आहे, आणि तो सापडला तेव्हा मला अतिशय आनंद झाला होता. वीस ते पन्नास हे सगळे एकतीस अंक मोठ्याने म्हणून पाहा. त्यांतल्या प्रत्येकात ‘स’ आहे. वीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंतचे सगळे अंक ‘ईस’ने संपतात, म्हणजे जी ‘ई’ आपण ‘स’ शोधायला वापरली तीच प्रत्येक वेळी आधी येऊन जीभ जागेवर बसवते. सव्वीस, सत्तावीस, पस्तीस, सदतीस, सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस यांत तर दोन-दोन ‘स’ आहेत. ते या शिडीचे अवघड टप्पे. रोज सकाळी एकदा आणि रात्री एकदा, एका अंकामागे एक श्वास, अशा गतीने ही शिडी चढावी. महिनाभराने वेग वाढवावा, नंतर उलटे मोजावे.

अंकांनंतर शब्दाच्या शेवटचा ‘स’ घ्यावा : रस, तास, मास, कापूस, ऊस. मग सुरुवातीचा : सण, साल, सून, सोने. मग मधला : वासरू, पाऊसपाणी, हसणे. जोडाक्षरे सर्वांत शेवटी : स्वस्त, पुस्तक, संस्था, स्पष्ट, उत्सव. त्यांत ‘त’ आणि ‘थ’ शेजारी असतात तिथे जीभ पुढे ओढली जाते, म्हणून ‘पुस्तक’ आणि ‘संस्था’ यांच्यावर जास्त वेळ द्यावा.

वाक्यांसाठी ‘तू’ची क्रियापदे घ्यावीत. ‘कधी आलास? जेवलास का? इतका वेळ कुठे बसला होतास?’ मराठीच्या व्याकरणातच ‘स’ इतका पेरलेला आहे, की धाकट्या भावाशी पाच मिनिटे बोलले तरी सराव होतो.

सहावी पायरी : ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’

‘स’ सुधारला तरी मराठी माणसाचे काम पुरे होत नाही. आपल्याकडे ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत दोन्हींना एकच अक्षर आहे. ‘चार’मधला ‘च’ टाळूकडचा, ‘चारा’मधला दातांकडचा. ‘स’ बोबडा असणाऱ्याचा दातांकडचा ‘च’ही बहुधा बोबडा असतो, कारण त्याचा उत्तरार्ध ‘स’च आहे. सावकाश म्हणताना तो कळतो, भरभर बोलताना निसटतो.

यासाठी षष्ठीचे प्रत्यय सर्वांत सोयीचे आहेत. ‘घराचा’ मधला ‘चा’ दातांकडचा, ‘घराची’ आणि ‘घराचे’ मधले ‘ची’, ‘चे’ टाळूकडचे. ‘माझा, माझी, माझे’ यांतही तसेच घडते. तिन्ही रूपे एकामागून एक म्हणताना जीभ पुढे-मागे कशी सरकते ते लक्ष देऊन जाणवून घ्यावे, आणि पुढे सरकताना ती दातांच्या आतच थांबते ना, हे आरशात पाहावे. मग चाक, चूल, चोर, काच, नाच. जागा, जोर, जुना, आज, बाजू. झाड, झोप, माझा. मला ‘स’पेक्षा ‘ज’ला अधिक वेळ लागला, आणि मी पाहिलेल्या इंग्रजी व्यायामांत त्याचा उल्लेखही नव्हता.

सातवी पायरी : रोजच्या बोलण्यात आणणे

सरावाच्या खोलीत येणारा ‘स’ आणि बसच्या रांगेत येणारा ‘स’ यांत मोठे अंतर असते. ते एकदम ओलांडायला गेल्यास बोलणे कृत्रिम होते आणि माणूस थकतो. त्यामुळे एक माणूस आणि एक वेळ ठरवून घ्यावी. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे पत्नीशी बोलताना मी प्रत्येक ‘स’ सांभाळत असे, उरलेला दिवस मोकळा. ते जमल्यावर दुकानात मागायच्या पाच वस्तू नेमल्या : साखर, साबण, साबुदाणा, सोडा, मसाला. त्यानंतर फोन, त्यानंतर कार्यालयातील बैठक, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे नाव. नावाशी जुनी भीती जोडलेली असते, म्हणून ते मुद्दाम उशिरा घ्यावे.

घरच्यांनी प्रत्येक चूक दाखवू नये. आधी ठरवलेली एखादी खूण, तीही ठरलेल्या पंधरा मिनिटांतच, पुरेशी असते. रोज दोनदा दहा-दहा मिनिटांचा सराव हा रविवारी केलेल्या दोन तासांच्या सरावापेक्षा कितीतरी अधिक फळतो. मला एकूण आठ महिने लागले. कोणाला कमी लागतील, कोणाला जास्त.

तज्ज्ञ कसे निवडावेत

भारतात वाचा-उपचारतज्ज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यासंबंधीचा कायदा १९९२ चा आहे. भेटीपूर्वी नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. नायर रुग्णालयात आणि पुण्यात भारती विद्यापीठातही या विषयाचे शिक्षण दिले जाते. अशा शिक्षणसंस्थांमध्ये उपचारांची सोयही सहसा असते आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.

पहिल्या भेटीत तज्ज्ञांनी आपले तोंड उघडून पाहिले का, श्रवणाबद्दल विचारले का, आणि मराठी शब्दांवर चाचणी घेतली का, याकडे लक्ष द्यावे. मी प्रथम ज्यांच्याकडे गेलो त्यांनी मला इंग्रजी शब्दांची छापील यादी दिली होती. दोन महिन्यांनी इंग्रजीतला ‘एस’ सुधारला आणि ‘चमचा’ तसाच राहिला. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे : तिथल्या तज्ज्ञांना मराठीतले दोन ‘च’ माहीत असतीलच असे नाही, म्हणून षष्ठीच्या प्रत्ययांची आणि अंकांची यादी सोबत न्यावी आणि स्वतः म्हणून दाखवावी.

ज्यांना आपल्या ‘स’चा काहीच त्रास होत नाही त्यांनी तो बदललाच पाहिजे असे मी मानत नाही. ज्यांना तो बदलायचा आहे त्यांनी सुधारणा झाल्यावरही पहिले वर्षभर थोडी दक्षता घ्यावी. सर्दीत, जागरणानंतर, दातांचे काम झाल्यावर आणि खूप चिडल्यावर जुना ‘स’ परत येतो. तसे झाल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभे राहून, दात हलकेच मिटून, वीसपासून पन्नासपर्यंत एकदा सावकाश मोजावे.